अकराव्या खांबाची साल

अकरा नंबर मर्व्हचा. गेली सहा वर्षं त्या खांबाला दुसऱ्या कुणाची कुऱ्हाड लागली नव्हती, आणि ग्लेनिसला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मर्व्ह तिचा बाप, आणि खांब त्याच्याच नावाच्या झाडाचा होता. मर्व्ह जन्मला त्या आठवड्यात त्याच्या बापाने टेकडीवरच्या जंगलात एका कोवळ्या टर्पेंटाइनवर खूण केली होती. रंगात घालतात त्या टर्पेंटाइनशी या झाडाचं काही नातं नाही. हे सरळसोट, जाड सालीचं, खाऱ्या पाण्याला पुरून उरणारं झाड. पेंगेलींच्या घरात प्रत्येक पोराच्या नावाने असं एक झाड राखत. पोर म्हातारं झालं की झाड उतरायचं आणि धक्क्याखाली खांब म्हणून उभं करायचं. धक्क्याचे चाळीस खांब म्हणजे पेंगेलींचं घराणंच चिखलात पाय रोवून उभं होतं.

जानेवारीतल्या मोठ्या उधाणाच्या ओहोटीला, दुपारी साडेतीनच्या सुमाराला पाणी एवढं उतरे की खोलातले खांबही बुडाशी उघडे पडत. वर्षातला तेवढाच एक तास. त्या तासात सगळ्यांनी गमबूट चढवून चिखलात उतरायचं, कुऱ्हाडीच्या पाठीने एकेक खांब ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचं. भरीव लाकूड कुऱ्हाड उडवून लावतं. पोखरलेलं लाकूड ती पोटात घेतं. मग वर येऊन गवतावर मांडलेल्या टेबलाशी बसायचं, कोळंबी सोलायची आणि एकमेकांची उणीदुणी काढायची.

या वर्षी मर्व्हची कंबर धरली होती. एक्याऐंशीव्या वर्षी तो शिडीची एकेक पायरी मोजत खाली उतरत होता, आणि टेगनला दम नव्हता. टेगन म्हणजे ग्लेनिसच्या भावाची, वॉरिकची, पोरगी. इंजिनियर होती. धक्क्याची तपासणी करून अहवाल द्यायचं काम नगरपालिकेने तिच्या कचेरीला दिलं होतं, आणि अहवाल उद्या सकाळी दहाला सभेपुढे ठेवायचा होता. धक्का वाढवायचा होता. आणखी साठ खांब लागणार होते. ते लाकडाचे की काँक्रीटचे, हे उद्या ठरायचं होतं.

"टेगन, अकरा राहू दे!" शिडीवरून मर्व्ह ओरडला. "अकरा माझा!"

पण टेगनची कुऱ्हाड तोवर पडली होती. आवाज आला तो लाकडाचा नव्हता. रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा होता.

टेगनने वीतभर खाली पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच. खांबाला बुडाशी डांबराचा जाड थर होता आणि त्यावर शंख-शिंपल्यांची पुटं चढली होती. तिने वहीत काहीतरी लिहिलं.

---

टेबलाशी बसल्यावर पहिली दहा मिनिटं जेवत होत्या त्या फक्त माश्या. खारवलेलं गोमांस, बीट, पाव, ग्लेनिसने पहाटे उठून केलेले, चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, सगळं तसंच पडून. मर्व्ह टेबलाच्या टोकाला टोपी घालून बसला होता. ती फेल्टची टोपी त्याने चारचौघांत एकदाच काढलेली तिने पाहिली होती, आई गेली तेव्हा.

समोर वॉरिक आणि त्याची बायको शार्लीन. वॉरिक सहा वर्षांनी या टेबलाशी बसला होता. टेगनने गळ घातली म्हणून आला होता. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने घरच्या लाकूडवखारीच्या किल्ल्या बापापुढे टाकल्या आणि काँक्रीटचे खांब ठोकणाऱ्या कंपनीत मुकादम म्हणून गेला. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मर्व्हनेही सांगितलं नाही. ग्लेनिसने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. भाऊ फितूर झाला. तेव्हापासून वखार ती एकटी ओढत होती.

"झालं ना मनासारखं?" ती वॉरिकला म्हणाली. "आज बरा मुहूर्त साधलास यायला. तुझ्या कंपनीला आता पेढे वाट."

"ग्लेन, मी तोंड तरी उघडलं का?"

"उघडायची गरजच काय? दात दिसतायत."

"आत्या," टेगन म्हणाली, "डॅडला मी बोलावलंय. आणि चाळीसांतला एक खांब गेलाय. एकोणचाळीस ठणठणीत आहेत. त्यातले कित्येक तर पणजोबांच्याही बापाने ठोकलेले, शंभर वर्षं व्हायला आली. मी लाकडाच्या बाजूनेच लिहिणार आहे. पलीकडच्या खाडीतल्या पुलाचं काँक्रीट तिसाव्या वर्षी फुगून फुटलं, आतलं लोखंड सडलं. आपलं झाड आपल्या टेकडीवर वाढतं. एक तोडायचं, तीन राखायची. याच्याइतकं स्वच्छ काम दुसरं नाही, हे मी आकड्यांनिशी मांडणार आहे."

"मग मांड की! अकराचं कशाला लिहितेस?" ग्लेनिसचा आवाज चढला. "पुढच्या आठवड्यात मी तो बदलते. स्वतः बदलते. एक दिवस एक आकडा गाळलास तर आभाळ कोसळणार आहे?"

"माझी सही आहे त्यावर."

"आणि माझा जन्म आहे त्यावर! उद्या त्या सभेत उभी राहून मी काय सांगणार होते ठाऊक आहे? पेंगेलींचा एकही खांब आजवर किड्याने खाल्लेला नाही. हे एक वाक्य. एवढंच माझ्याकडे आहे. काँक्रीटवाल्यांकडे रंगीत पुस्तकं आहेत, चकचकीत चित्रं आहेत. माझ्याकडे ते एक वाक्य होतं!"

टेगनला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण वही तिने मिटली नाही. पोरगी पेंगेलीच होती, वाकणार नव्हती. ग्लेनिसला त्याचाही राग आला.

"पण तो गेला कसा?" टेगन म्हणाली. "मला कारण लिहायचंय. सहा वर्षांचा खांब, साल असलेला टर्पेंटाइन. किडा त्याला तोंड लावत नाही. सालीखालचा चीक त्याला सोसत नाही. शेजारचे नव्वद वर्षांचे खांब बघा. मग हाच कसा?"

त्या किड्याला या किनाऱ्यावर कोब्रा म्हणतात. दिसायला गांडुळासारखा, पण बोटीच्या बोटी खाऊन ढेकर देत नाही. सगळ्यांनी मर्व्हकडे पाहिलं. या गावात लाकडाबद्दल शेवटचा शब्द त्याचा असे.

मर्व्हने बशीतला पाव उलटापालटा केला. "हल्लीचं लाकूडच पूर्वीसारखं राहिलं नाही," तो म्हणाला. "पाणी बदललंय. उन्हाळे बदललेत. झाडात तो चीकच नाही. लाकूड दगा देतं कधीकधी. त्याला कोण काय करणार?"

ग्लेनिसला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. लाकूड दगा देतं? लहानपणी झोपताना या माणसाने तिला परीकथा सांगितल्या नव्हत्या, लाकडाच्या सांगितल्या होत्या. लाकूड कधी खोटं बोलत नाही, बोलतात ती माणसं, हे त्याचं पालुपद. आणि उद्या सभेत कुणी त्याला विचारलं तर तो हेच सांगणार?

शार्लीनने हातातला काटा बशीत आपटला.

"शार्ल, नको," वॉरिक म्हणाला.

"नको काय? सहा वर्षं नको, नको! अरे, अंगावर घेतलंस ते घेतलंस, आता तो झाडावर ढकलतोय. झाडावर!" ती मर्व्हकडे वळली. ही बाई सासऱ्याशी एरवी जपून, मान देऊन बोले. मान आजही दिला, पण आवाजाला धार होती. "मर्व्ह, सांगता तुम्ही, की मी सांगू? त्या लाकडाचा चीक कुठे गेला ते तुम्हाला चांगलं माहीत आहे."

"तू यात पडू नकोस."

"मी सहा वर्षं यातच पडलेय! माझ्या घरी नवरा रात्रभर छताकडे बघत असतो आणि त्याची सख्खी बहीण त्याला बाजारात पाहून रस्ता ओलांडते. कुणासाठी? या टोपीसाठी?"

"वॉरिक," मर्व्ह गुरगुरला, "बायकोला आवर."

वॉरिक इतका वेळ कोळंबीची सालं एका रेषेत मांडत बसला होता. त्याने ती हाताने बाजूला सारली. "नाही आवरत," तो म्हणाला. "ग्लेन, तुला याचा पंचाहत्तरावा वाढदिवस आठवतो?"

आठवत होता. मर्व्हचं झाड उतरलं तो दिवस. ग्लेनिस तेव्हा आईपाशी हॉस्पिटलात होती. तिला आठवत होतं ते फोनवरचं बापाचं बोलणं. उभा राहिला गं, तुझ्या आईला सांग, माझा खांब उभा राहिला.

"झाड खाली आलं," वॉरिक म्हणाला. "उचलायचे पट्टे आणायला मी निघालो. हा म्हणाला, माझं झाड आहे, मीच बांधणार. पोटात चार बिअर. पट्टे लांब ठेवले होते, साखळी हाताशी होती. याने साखळी लावली."

ग्लेनिसच्या तोंडून नुसतंच "साखळी?" एवढं निघालं.

लाकूडवखारीत पहिल्या दिवशी शेंबड्या पोरालाही हेच शिकवत. पाण्यात जायच्या झाडाला साखळी लावायची नाही. रुंद पट्ट्यात घालून, तान्ह्या बाळासारखं उचलायचं. साल फाटली की चीक उघडा पडतो, वाहून जातो, आणि किड्याला दार मिळतं. म्हणून साल फाटलेलं झाड, मग ते कितीही सुंदर असो, पाण्यात जात नाही. त्याचे कुंपणाचे खुंट होतात. याला अपवाद नाही. ग्लेनिसने स्वतः एकदा नखाएवढ्या ओरखड्यासाठी बारा मीटरचं झाड खुंटांना दिलं होतं आणि मर्व्हने सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली होती.

"साखळी घसरली," वॉरिक म्हणाला. "दोन वीत लांब साल सोलून निघाली. बुडाकडे, नेमकी चिखलाच्या वर येणार तिथे. मी म्हटलं, संपलं, खुंट करू. तर हा रडायला लागला. माझ्या बापाने राखलेलं झाड आहे, पंचाहत्तर वर्षं वाट बघितली, त्याला गाई अंग घासणार का, म्हणाला. मग डांबर आणलं. तांब्याचा पत्रा आणला. फाटल्या जागी पत्रा ठोकला, त्यावर डांबर फासलं. मी म्हटलं, मी हा खांब ठोकणार नाही. तर म्हणाला, वखार कुणाची आहे? मी ठोकला. आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्या टाकल्या."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"आई मरत होती, ग्लेन. तुला तेव्हा सांगू? ती गेल्यावर सांगायला आलो होतो. तू दारातच म्हणालीस, फितुरांना या घरात चहा मिळत नाही."

म्हणाली होती. शब्दन्‌शब्द तोच. ते म्हणताना किती बरं वाटलं होतं, हेही तिला आठवलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग भावावरचा होता तो जागा सोडून उठला, पण जायचा कुठे? थोडा तिच्या स्वतःवर आला आणि उरलेला सगळा टेबलाच्या टोकाला.

"म्हणून अकरा तुझा," ती बापाला म्हणाली. "दर वर्षी. अकराला कुणी हात लावायचा नाही. मला वाटायचं, म्हातारा आपल्या झाडापाशी दोन मिनिटं एकटा उभा राहतो, राहू दे बिचाऱ्याला. मी बाकीच्यांना लांब ठेवायचे! कधीपासून कळलंय तुला?"

मर्व्हने बशीतला पाव पुन्हा उलटा केला.

"कधीपासून, डॅड?"

"दोन वर्षं," तो म्हणाला. "आवाज बदलला तेव्हापासून."

"दोन वर्षं. आणि मी गावभर सांगत फिरतेय, आमचा एकही खांब... शाळेत जाऊन सांगितलं मी! पोरांना सांगितलं! तू मागच्या बाकावर बसून माना डोलवत होतास!"

"ग्लेनी, मी काय करायला हवं होतं? माझ्या तोंडाला सगळ्या गावाने—"

"तुझ्या तोंडाचं नंतर! उद्याचं बोल. टेगन लिहिणार अकरा पोकळ. ते विचारणार का? आणि तू काय सांगणार? लाकूड दगा देतं? एवढं एक वाक्य तू बोललास ना, की संपलं. साठ खांब काँक्रीटचे होतील. टेकडीवरचं जंगल कुणालाच नको होईल, मग तिथे बंगले उठतील. माझं झाड तिथे आहे. टेगनचं आहे. ती सगळी जातील, का, तर मर्व्ह पेंगेलीच्या हातून एकदा साखळी लागली हे कुणाला कळू नये!"

"मी तुझा बाप आहे."

"आणि ते झाड तुझा भाऊ होतं! बापाने दोघांना एकाच आठवड्यात नाव दिलं, असं तूच सांगायचास. त्याच्या नावाने खोटं बोलायला लाज नाही वाटली?"

मर्व्ह उठला. टेबलाचा आधार घेत उठला, आणि सगळ्यांना वाटलं गाडीकडे जातोय. शार्लीन पुटपुटली, "पळा." ग्लेनिसने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने कुऱ्हाड उचलली. पाणी परतायला लागलं होतं. अकराव्या खांबाच्या बुडाला पहिली लाट चाटून गेली होती.

"टेगन, चल," ती म्हणाली. "कारण हवंय ना तुला? पत्रा काढून दाखवते."

"आत्या, पॉपचं नाव येईल त्यात." आजोबांना ती पॉप म्हणायची.

"येऊ दे."

---

चिखल घोट्यापर्यंत होता तो आता मऊ होऊन पोटरीला लागला. वॉरिक तिच्यामागून आला. तिने त्याची माफी मागितली नाही. एवढ्या मोठ्या चुकीला तोंडातल्या तोंडात म्हटलेला शब्द पुरणार नव्हता. तिने फक्त दुसरी कुऱ्हाड त्याच्या हातात दिली आणि त्याने ती घेतली.

तिने शिंपल्यांवर घाव घातला. डांबराचे टवके उडाले. खाली साल लागली, शाबूत, काळीभोर. पुन्हा घातला. पुन्हा साल. पत्रा कुठे लागेना. पाणी वीतभर चढलं होतं. रागाने तिचे घाव कुठेही पडत होते. आख्खा खांब बुडापासून डांबराने माखलेला. एका जखमेसाठी म्हाताऱ्याने सगळ्या अंगाला पट्टी बांधून ठेवली होती.

"वॉरिक, कुठे होतं ते?"

"खाडीच्या बाजूला वाटतं. फिरवला होता त्याने उभा करताना. मला नक्की आठवत नाही."

"चुकीच्या बाजूला ठोकतेयस," मागून आवाज आला.

मर्व्ह शिडीच्या तळाशी उभा होता. बूट न घालता, अनवाणी, पाटलोण चिखलात. गाडीकडे गेला नव्हता. या उतरण्यात त्याला किती कष्ट पडले असतील हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ग्लेनिसने ते न पाहिल्यासारखं केलं.

तो एकेक पाय उपटत आला. एकदा तोल गेला. कुणी हात पुढे केला नाही. वॉरिकचा हात थोडासा हलला, पण ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिलं आणि तो जागीच राहिला. मर्व्ह स्वतःच सावरला, खांबापाशी पोचला आणि न बघता, अंधारात घरातलं बटण सापडावं तसा त्याचा तळवा खांबाच्या मागच्या बाजूला जाऊन टेकला.

"इथे," तो म्हणाला. "गुडघ्याएवढ्यावर. दे ती कुऱ्हाड."

"मी काढते."

"मी लावलाय, ग्लेनी. मी काढतो."

तिने कुऱ्हाड दिली. प्रेमाने दिली नाही, दांडा त्याच्या छातीवर टेकवून दिली. त्याने डांबर उडवून कुऱ्हाडीचं पातं पत्र्याखाली घातलं आणि अंगाचा भार टाकला. हिरवा पडलेला तांब्याचा पत्रा करकरत वर आला, आणि त्याच्यामागून लाकूड असं नाहीच, ओल्या चाळणीसारखं काहीतरी बाहेर आलं. बोट जाईल एवढी भोकं, आतून शंखासारखी गुळगुळीत. किडे खिळ्यांच्या भोकांतून शिरले होते. खिळेही त्यानेच ठोकलेले.

टेगन वाकली. तिने त्या चाळणीच्या कडेला, जिथे साल फाटलेली नव्हती तिथे चाकूचं टोक लावलं. टोक शिरेना. चार बोटं बाजूला तेच झाड, तेच पाणी, तीच सहा वर्षं, आणि लाकूड लोखंडासारखं.

"बघ," ती वॉरिकला म्हणाली. "डॅड, बघ ना. किडा सालीपर्यंत आलाय आणि थांबलाय. जिथे साल आहे तिथे एकही भोक नाही."

वॉरिकने अंगठा त्या कडेवरून फिरवला. सहा वर्षं काँक्रीट ठोकणारा माणूस, त्याने ती कड दोनदा चाचपली.

पाणी आता गुडघ्याला आलं होतं. पाच मिनिटांत सगळं झाकलं जाणार आणि पुढच्या जानेवारीपर्यंत दिसणार नव्हतं.

"फोटो काढ, टेगन," ग्लेनिस म्हणाली. "भोकाचा आणि शेजारच्या सालीचा, दोन्ही एकात येऊ देत."

टेगनने फोन वर धरला. "पॉप, जरा बाजूला हो ना. तू मध्ये येतोयस."

मर्व्ह हलला नाही. एक हात खांबाला, दुसऱ्या हातात तो वाकडा पत्रा. ग्लेनिस पुढे झाली, त्याला ओढून बाजूला करायचं म्हणूनच.

"मध्येच येऊ दे," मर्व्ह म्हणाला. "मला धरूनच काढ. नुसत्या लाकडाचा काढलास तर उद्या ते लाकडालाच चोर म्हणतील."

टोपीची सावली तोंडावर पडत होती. चेहरा नीट दिसावा म्हणून त्याने टोपी काढली.